राखेत निवलेली झांज

“लाल झाली का गं?” मामंजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

“झाली.”

“डाळिंबाच्या दाण्यागत?”

“तशीच.”

“मग टाक पाण्यात. तिचं नाव घे आन् टाक.”

मी सांडशीनं झांज भट्टीतून उचलली आणि पाण्यात टाकलीच नाही. भट्टीच्या डाव्या अंगाला गार राखेचा ढीग होता, त्यात ती अलगद पुरली. मग रिकाम्या सांडशीची तापलेली टोकं दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला, वाफ उठली. मामंजी देवीच्या तसबिरीकडे तोंड करून हात जोडून उभे होते. आयुष्यभर ठोकाठोकी करून त्यांचे कान अर्धे गेलेले, पण तेवढा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी मान हलवली.

“सोने, ऐकलंस का?” ते म्हणाले. “सून तुझी जागा चालवती बघ.”

सोने म्हणजे सोनाबाई, माझी सासू. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुसरी झांज मी तशीच राखेत घातली, पुन्हा सांडशी बुडवली, पुन्हा चर्र. तेव्हा मला वाटत होतं की मी फार शहाणपणाचं काम करतेय. कर्म माझं!

आमच्या कासाराच्या घरातली रीत अशी, की काशाची वस्तू शेवटची तापवली की घडवणाऱ्यानं पाठ फिरवायची. घरातल्या बाईनं ती पाण्यात सोडायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्यातच ठेवायची. का, ते विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं तर मामंजी म्हणाले, “घडवणाऱ्यानं बघू न्हाई. जीव अडकतो.” सासू होती तोवर हे काम तिचं. मी लोहाराची पोर. आमचं लग्न कुणी जमवलेलं नव्हतं, आम्हीच जमवलं होतं, आणि त्यावरून आळीतल्या बायका मी पाण्याला निघाले तरी कुजबुजायच्या. “लोखंडाची पोर, काशाच्या भांड्याला हात लावू देतात कसं?” असं माझ्या कानावर पडेल इतपत मोठ्यानं. त्या दिवशी मामंजींनी सांडशी माझ्या हातात दिली, तेव्हा त्या सगळ्यांची तोंडं बंद झाल्यासारखं मला वाटलं होतं.

आणि झांजाही साध्यासुध्या नव्हत्या. गावदेवीच्या आरतीची जुनी जोडी फुटली होती. नवी करायची तर गावातल्या घराघरातून काशाचं एकेक भांडं द्यायचं, ते सगळं एकत्र वितळवायचं, असा आमच्या गावचा रिवाज. कुणी थाळी दिली, कुणी माहेराहून आलेलं ताट दिलं. मामंजींनी आमच्या घरातून सासूची वाटी दिली. रोज संध्याकाळी याच वाटीनं ती त्यांचे तळपाय तूप लावून घासून द्यायची. वितळवायच्या मुशीत टाकताना ती वाटी त्यांनी जरा वेळ हातात धरून ठेवली होती, मग डोळे मिटून सोडली.

आमच्या ह्यांचं मन या धंद्यात कधीच नव्हतं. “काशाला कोण विचारतंय आता? भट्टी मोडू, पुढं स्टीलच्या भांड्यांचं दुकान घालू,” हे त्यांचं पालुपद. मामंजींनी एवढंच म्हटलं होतं, “ह्या झांजा वाजल्या तर भट्टी ऱ्हाईल. न्हाई वाजल्या तर तू म्हणशील तसं.” त्यांचे हात थरथरायला लागले होते. ही जोडी हीच आपली परीक्षा, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सगळं माहीत असताना तू राखेत का घातलीस? सांगते. मी माझ्या बापाच्या भट्टीवर शिकले होते, की ज्या वस्तूला घाव सोसायचेत ती तापलेली पाण्यात घालू नये, राखेत हळूहळू निवू द्यावी. झांजेला तर जन्मभर घावच सोसायचे. ही अक्कल मला कशी आली, ते पुढं येईलच. संध्याकाळी झांजा गार झाल्यावर मी त्या राखेतून काढल्या, पुसल्या आणि डोणीत सोडून दिल्या. कुणाला काही कळलं नाही.

सकाळी मामंजी आंघोळ करून आले. डोणीतून एक झांज काढून त्यांनी पंच्यानं कोरडी केली आणि बोटावर टांगून नखानं टिचकी मारली. त्यांचा चेहरा जरा बदलला.

“बद्द वाजती का गं?”

“मला तर बरी वाटती,” मी म्हणाले.

“आसंल. कान गेलं माझं.”

कड थोडी वाकडी होती, ती सरळ करायला त्यांनी झांज लाकडावर ठेवली आणि लाकडी मोगरीनं एक हलका ठोका दिला. लहान मुलाच्या पाठीवर थापटतात तेवढाच. झांजेचे तीन तुकडे झाले.

मामंजी तुकड्यांकडे बघत बसले. मग त्यांनी दुसरी काढली. तिला दिलेला पहिला ठोका हुकून लाकडावरच पडला. दुसऱ्या ठोक्याला तीही गेली. तुटलेली कड करडी, खरखरीत दिसत होती, फोडलेल्या गुळासारखी.

“मामंजी…” मी म्हणाले.

“गप ऱ्हा.”

ते रागानं नाही म्हणाले. त्यांनी तुकडे गोळा केले, एकही इकडेतिकडे राहिला नाही ना ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि पंच्यात बांधले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात देवळाचे पंच आले आणि त्यांच्यामागे अर्धी आळी आली, कारण झांजा बघायला यायचं कालच ठरलं होतं.

“पाण्यात कुणी टाकल्या व्हत्या?” पहिला प्रश्न शेजारच्या गोदाक्कानं विचारला, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

“तिचा काय संबंध?” मामंजी एकदम कडक आवाजात म्हणाले. “तिनं सांगितल्यापरमानं केलं. माझ्या कानानं ऐकलंय मी. कथलाचा अंदाज माझा चुकला. जास्त पडलं. आता माझा हात आन् डोळा गेला, दुसरं काय न्हाई.”

“पर नाना, इतकी वर्सं…” एक पंच मामंजींना म्हणाले.

“गेला म्हनलं ना!”

पंच उठले. यात्रा तोंडावर आली होती, शहरातून तयार जोडी आणायचं त्यांनी आमच्या अंगणातच ठरवलं. एक म्हातारी मामंजींच्या जवळ येऊन म्हणाली, “माझ्या आईची थाळी व्हती रं त्यात.” मामंजींनी त्या बाईचे पाय धरले. माझ्यादेखत! माझ्या पापासाठी तो म्हातारा लोकांच्या पाया पडत होता आणि मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी होते. लाज वाटली का? वाटली. इतकी वाटली की जीभ उचलेना. आत्ता सांगितलं तर गोदाक्का काय म्हणेल, आमचे हे काय म्हणतील, हेच डोक्यात. दुपारी मामंजींना वाढलं, ते दोन घास खाऊन उठले. संध्याकाळी मी तूप घेऊन पाय चोळायला गेले, तर पाय जवळ घेतले त्यांनी. “नको,” म्हणाले, “वाटी न्हाई आता.”

दुसऱ्या दिवशी आमचे हे भंगारवाल्याला घेऊन आले. तो ऐरणीभोवती फिरला, भात्याला हात लावून बघितला. मामंजी ओट्यावर बसले होते. “मोगऱ्याबी ने,” ते त्याला म्हणाले. “लाकूड चांगलं हाय.”

मोगऱ्यांचं नाव ऐकलं आणि माझ्यात काय झालं कुणास ठाऊक. मी अंगणात जाऊन भंगारवाल्याला म्हणाले, “चल, नीघ इथून.”

“अगं ए, खुळी झालीस का?” आमचे हे ओरडले.

“मामंजी, कथील जास्त पडलं न्हवतं. तुमचा हात चुकला न्हाई. झांजा मी पाण्यात टाकल्याच न्हाईत. राखेत घातल्या.”

मामंजींनी माझ्याकडे बघितलं, आणि ते चक्क हसले. “सोनीबी अशीच व्हती,” ते ह्यांना म्हणाले. “माझं काय फुटलं की म्हणायची, माझाच धक्का लागला. सूनबाई, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतीस व्हय? मी आवाज ऐकलाय.”

आता काय करावं? खोटं बोलले तेव्हा विश्वास ठेवला आणि खरं बोलले तर हसतात! मी आत जाऊन पंच्यातले दोन तुकडे आणले. भाता ओढायला घेतला. आमच्या ह्यांना म्हणाले, “त्यांना इथं बसवा आणि पाठ फिरवू देऊ नका.” माझा अवतार बघून त्यांनी तसंच केलं. भंगारवालाही गेला नाही, तमाशा फुकट होता.

दोन्ही तुकडे डाळिंबी लाल झाले. एक मी मामंजींच्या डोळ्यांसमोर पाण्यात सोडला. चर्र झालं. दुसरा राखेत पुरला. मग रिकामी सांडशी पाण्यात बुडवली, पुन्हा चर्र. मामंजींची मान झटकन वर आली. दोन आवाजांत फरक होता, फार नव्हता.

राखेतला तुकडा मी पुरता निवू दिला. नंतर मी दोन्ही तुकडे ऐरणीवर ठेवले आणि हातोडा मामंजींच्या हातात दिला. राखेतला तुकडा पहिल्या घावाला फुटला. पाण्यातल्यावर त्यांनी घाव घातला, तो वाकला. अजून एक घातला, आणखी वाकला. एकाच झांजेचे तुकडे, एकाच भट्टीतले. ते मारतच राहिले, बाजूचा एक टवका उडेपर्यंत.

माझी लेक आता इंजिनिअरिंग कॉलेजात हेच शिकवते. ती म्हणते, आई, धातू तापला की त्याच्या आतल्या कणांची मांडणीच बदलते. काशाला झटकन गार केलं तर ती तापलेली मांडणी जागच्या जागी धरली जाते, आणि ती चिवट असते. सावकाश निवू दिलं तर कणांना सवड मिळते, ते दुसरीच मांडणी करून बसतात, ती ठिसूळ. पोलादाचं बरोबर उलट. ते सावकाश निवलं की मऊ, पाण्यात घातलं की कण अवघडून बसतात, मग कडक आणि ठिसूळ. फळ्यावर तिनं चौकटी काढून दाखवल्या मला. तिला काय ठाऊक, हा धडा तिच्या आईनं कशावर गिरवलाय.

मामंजींनी हातोडा खाली ठेवला.

“देवीम्होरं उभा हुतो मी,” ते म्हणाले. “तो आवाज ऐकून सोनीला हाक मारली. आन् तू सांडशी बुडवत हुतीस?”

“हो.”

“काल त्या म्हातारीचं पाय धरलं मी. तू दारात हुतीस.”

“हो.”

मग त्यांनी मला अशा शिव्या दिल्या की भंगारवालाही खाली बघायला लागला. लोहाराची अवलाद, कपटी, घरबुडवी, सगळं झालं. आमचे हे मध्ये पडायला लागले तर मीच म्हणाले, “बोलू द्या.” कालपासून जे छातीवर बसलं होतं ते प्रत्येक शिवीबरोबर थोडं थोडं सरकत होतं. शेवटी त्यांना धाप लागली.

“पर का?” ते म्हणाले. “का केलंस गं पोरी असं?”

मग मी सांगितलं. तोवर नवऱ्यालाही पुरतं सांगितलं नव्हतं. मी लहान होते, आबांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, भट्टीवर भाता ओढायचे. एक पाथरवट छिन्नी करून घ्यायला आला होता. आबांनी छिन्नी घडवली, तापवली आणि माझ्याकडे दिली, “अनशे, धर पाण्यात.” मी धरली. थोरला भाऊ यशवंतदादा तिची धार बघायला दगडावर ठेवून हातोडा मारायला गेला. छिन्नीचा कपचा उडाला तो थेट त्याच्या उजव्या डोळ्यात. डोळा गेला. दवाखान्यातून आल्यावर आबा माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, “तू पाण्यात लई वेळ धरलीस.” नंतर मला त्यांनी भट्टीकडे फिरकू दिलं नाही. पुढं मी कासाराच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर सगळी भावकी उसळली. आबा एकटे म्हणाले, “जाऊ द्या तिला.” मी तेव्हा ओळखलं, पोराचा डोळा फोडणारी पोर डोळ्यांसमोरून जातेय म्हणून बाप सुटला. तेव्हापासून तापलेलं काही पाण्यात जाताना दिसलं की मला तो कपचाच दिसतो.

मामंजी ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

“थांब. पाण्यातनं काढल्यावर छिन्नी परत धगीवर धरली हुती का?”

“न्हाई. पाथरवटाला घाई होती. आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे, चालंल.”

“ऱ्हाऊ दे?” मामंजी ओरडलेच. “अगं, पोलाद पाण्यातनं काढलं की काचंसारखं असतंय! त्याला परत हलक्या धगीवर धरून कडकपणा उतरवाय लागतंय, तवा ते घावाला टिकतं. मी कासार असून मला ठावं, तुझ्या बापाला ठावं न्हाई? पाण्यात घटकाभर धर न्हाई तर दिवसभर, त्यानं काय हुतंय?”

आबांना ठाऊक नसेल? पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे हत्यारांना पाणी देऊन घ्यायला, म्हणजे धार कडक करून घ्यायला यायचे. मग असा संताप आला, असा संताप आला, की तेव्हा आबा समोर असते तर काय बोलले असते देव जाणे.

पण मामंजींना रागवायला सवड नव्हती. “भाता वड,” ते म्हणाले. “सगळं तुकडं मुशीत टाक. यात्रा गाठायची हाय.” आणि ह्यांच्याकडे वळून, “आन् तू काय बघतोस? घण उचल.” भंगारवाला हात हलवत गेला. पंचांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं आणि शहरातली जोडी थांबवायला लावली. गोदाक्कानं जे बोलायचं ते बोलून घेतलं, अजूनही अधूनमधून बोलते. शेवटची धग झाली तेव्हा मामंजींनी पाठ फिरवली. मला वाटलं होतं, आता कधी फिरवणार नाहीत. मी सासूचं नाव घेऊन दोन्ही झांजा पाण्यात सोडल्या.

यात्रेला माहेरची माणसं आली. आरती संपली, झांजांचा नाद अजून देवळात भरून होता, आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या, “माझी थाळी वाजती बघ.” मामंजी खांबाला टेकून बसले होते, दोन्ही हात कानामागे धरून. आबा माझ्याजवळ आले. त्यांनी एक झांज हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली.

“कशात निववली?”

“पाण्यात.”

“परत धगीवर धरली?”

“काशाला लागत न्हाई, आबा. पोलादाला लागतं.”

त्यांचा हात थांबला. इतके दिवस मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि मला मी दिसले, दाराच्या चौकटीला चिकटलेली. मला एका दिवसात बोलणं इतकं जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला नसता तर? तिसऱ्या दिवशी आणखी जड झालं असतं, आणि वर्षानंतर तर बोलायचं आहे हेच मी विसरू पाहिलं असतं. म्हणून काही मी त्यांना सोडलं नाही. मी यशवंतदादाला हाक मारली.

“दादा, इकडं ये. आबांना तुला काय तरी सांगायचंय.”

दादा नारळाचा प्रसाद खात आला, नेहमीसारखी मान जरा उजवीकडे वळवून, म्हणजे डाव्या डोळ्याला नीट दिसावं. मी त्यांचा दंड धरून उभी राहिले.

“यशवंता, ती छिन्नी…” आबा म्हणाले. “अनशीनं न्हाई रं. मीच उतरवली न्हवती.”

“मला ठावं हाय,” दादा म्हणाला.

“कवापासनं?”

“पुढं मीच हत्यारं करायला लागलो की आबा. पयल्याच वर्षी कळलं.” मग तो माझ्याकडे वळला. त्याचा घास तसाच तोंडात होता. “अनशे, मला वाटलं तुलाबी ठावं असंल. तुला ठावं न्हवतं?”

मी नाही म्हणून मान हलवली. दादानं हातातला प्रसाद आबांच्या हातात दिला, सदऱ्याला हात पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. “आरं देवा,” म्हणाला, “इतकी वर्सं?”

आबा पायरीवर बसले.

“तू लग्नाचं इचारलंस तवा,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, त्या दिवशीसारखेच, “भावकी म्हणत हुती न्हाई म्हण. मला म्हणायचंबी हुतं. लई म्हणायचं हुतं. तू जवळ असावी वाटायचं मला. पर तुला न्हाई म्हणायचं त्वांड कुठं हुतं माझ्याकडं?”